बहिणीची अभियांत्रिकी आणि भावाचा फिटर ट्रेड: निफाडहून आलेल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर निफाड तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग, प्रवर्ग इतर मागासवर्ग आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा बरेच कमी. आपण दोन वर्षांचा फिटर ट्रेड उत्तीर्ण होऊन नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करता. धाकटी बहीण बारावी विज्ञान उत्तीर्ण आहे, तिने सीईटी दिली आहे आणि तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. एका महाविद्यालयाचा माणूस घरी येऊन सांगून गेला की मुलींना आता सगळे मोफत आहे, आजच थेट प्रवेश घ्या. सरकारच्या एवढ्या योजनांमधून नेमके काय घ्यावे, आपण शिकाऊ उमेदवारी, म्हणजे कारखान्यात विद्यावेतनावर घ्यायचे प्रशिक्षण, केली नाही तर चालेल का, आणि दोघांनी शिकायचे की आपण कमवून तिला शिकवायचे, असे आपण विचारले आहे.

मी नाशिकमध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक, म्हणून काम केले, पुढे शिकाऊ उमेदवारीचे काम पाहिले, आणि आता प्रवेशाच्या हंगामात मुलांना व पालकांना मार्गदर्शन करतो. आपल्यासारख्या घरांची अडचण योजना माहीत नसण्याची फारशी नसते, कारण योजनांची नावे हल्ली गावातल्या प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर असतात. खरी अडचण अशी की प्रत्येक योजना प्रवेशाच्या एका ठरावीक वाटेला बांधलेली असते, आणि ती वाट सोडून प्रवेश घेतला की सर्व अटींत बसूनही हाती काही लागत नाही. दुसरी अडचण पैशाच्या वेळापत्रकाची आहे, म्हणजे फी भरण्याचा महिना आणि शासनाकडून रक्कम येण्याचा महिना यांच्यामधले अंतर कोण भरून काढणार याची. म्हणून योजना मोजत बसण्याऐवजी आधी वाट ठरवावी आणि त्या वाटेवर जी योजना येते ती घ्यावी, असा माझा नेहमीचा सल्ला असतो.

बहिणीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या बाबतीत मुदती आधी संपतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना पूर्वी शिक्षण शुल्कात निम्मी सवलत होती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती शंभर टक्के केली आणि परीक्षा शुल्कही त्यात घेतले. निर्णय चांगला आहे आणि त्यामुळे मुलीला पदवीला पाठवावे की नाही या घरातल्या चर्चेचा सूर बदललेला मी पाहिला आहे. परंतु हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून, मिळालेल्या जागेलाच लागू होतो. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्था स्तरावर भरलेल्या जागेला तो लागू नाही. मुलींना शुल्कमाफी आहे हे खरे आहे, थेट प्रवेश मिळतो हेही खरे आहे. थेट प्रवेश घेतलेल्या मुलीला शुल्कमाफी मिळत नाही हे तिसरे वाक्य मात्र घरी येणारी माणसे उच्चारत नाहीत. त्यामुळे बहिणीने कॅपची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि पसंतीक्रम भरणे हे तिन्ही टप्पे मुदतीत पूर्ण करावेत आणि तोवर मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला कोणाच्याही हाती देऊ नये. मूळ कागद एका कार्यालयात अडकल्यामुळे कॅपमध्ये लागलेल्या चांगल्या जागेची मुदत हातची गेल्याची उदाहरणे दरवर्षी माझ्यासमोर येतात.

‘मोफत’ या शब्दात काय येत नाही, तेही आधीच समजून घ्यावे. सवलत शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रवास आणि चार वर्षांत केव्हातरी घ्यावा लागणारा लॅपटॉप हा सगळा खर्च घरचाच राहतो. खासगी महाविद्यालयात विकास शुल्कच कित्येक हजारांत जाऊ शकते, म्हणून पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाची शुल्काची फोड पाहावी. एकूण आकडा पाहून काही कळत नाही; शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती हे वेगवेगळे पाहिले तरच आपल्याला प्रत्यक्ष काय भरायचे आहे ते समजते.

नाशिकमधले महाविद्यालय घ्यावे की पुण्याचे, याचे उत्तर तिच्या गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. नाशिकला मिळाले तर ये-जा शक्य आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा मासिक पासही मिळतो, त्यामुळे प्रवासाचा खर्च आवाक्यात राहतो. वेळेचा खर्च मात्र त्यात धरला जात नाही. पहाटेची गाडी, संध्याकाळी प्रात्यक्षिक लांबल्यावर चुकलेली गाडी आणि रात्री घरी पोहोचल्यावर पुन्हा घरकाम, अशा दिनक्रमात पहिल्या वर्षाचे गणित राहून जाते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी पुस्तकांशी झगडायला जो निवांत वेळ लागतो तो मिळत नाही. निदान पहिले वर्ष तरी तिने शहरात राहावे असे माझे मत आहे. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर राहण्या-जेवण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्यात जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे आणि निवड गुणवत्तेने होते, त्यामुळे अर्ज जरूर करावा, पण ती रक्कम मिळणारच असे धरून खोली घेऊ नये. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो की अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी स्वयम् या अशाच धर्तीच्या योजना आहेत, आणि आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे.

आता पैशाच्या वेळापत्रकाकडे येतो, कारण शिक्षण सुटते ते बहुधा इथे. आपल्याकडे द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येतो आणि त्यातला बराचसा सोसायटीच्या कर्जात व औषधांच्या दुकानाच्या उधारीत जातो. प्रवेश मात्र ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होतात, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या अगदी तोंडावर, जेव्हा मजुरी, खते आणि फवारणीसाठी घरातून पैसा बाहेर जात असतो. शासनाकडून येणारी रक्कम अर्जाची छाननी महाविद्यालयाच्या आणि नंतर विभागाच्या पातळीवर झाल्यावर हप्त्यांनी येते, आणि ती त्याच शैक्षणिक वर्षात येईलच असे धरून चालता येत नाही. पात्र मुलीकडून पूर्ण शिक्षण शुल्काची आगाऊ मागणी झाली तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवून लेखी विचारणा करावी; तोंडी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्जाचा उपयोग जास्त होतो. एवढे करूनही विकास शुल्क, अनामत आणि पहिल्या चार-पाच महिन्यांचा राहण्याचा खर्च यांची रोख तरतूद उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवलेली असावी लागते. यंदा ते जमले नसेल तर आपला सध्याचा पगार हीच ती तरतूद आहे, आणि दोघांनी शिकण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे येऊन मिळते. त्याकडे शेवटी वळेन.

कर्जाचा विचार सावधपणे करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण न देता कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. परंतु ती केंद्राने ठरवलेल्या गुणवत्ताप्राप्त संस्थांच्या यादीपुरती आहे, तेव्हा महाविद्यालय त्या यादीत आहे का हे आधी पाहावे. यादीत नसेल तरी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. शुल्क माफ असताना मोठे कर्ज घेण्याची वेळ येऊ नये. राहण्याच्या खर्चापुरते छोटे कर्ज मात्र वाईट नाही, विशेषतः पर्याय खासगी सावकाराचा असेल तेव्हा.

कागदपत्रांबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकी यादी सेतू केंद्रात मिळेल. पहिली जात वैधतेची. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते. वैधतेचा अर्ज खरे तर अकरावीतच करायला हवा, कारण पडताळणी समितीने जुने महसुली किंवा शाळेचे पुरावे मागितले की महिने जातात. दुसरी गोष्ट बँक खात्याची. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या शासकीय पोर्टलवरून थेट विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. मुलगी शहरात आल्यावर महाविद्यालयाच्या आवारात नवे खाते उघडते, आधार तिथे जोडले जाते आणि घरचे सगळे जुन्या खात्याचे पासबुक भरून घेत बसतात. शिवाय अर्ज दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षी सगळे घर मागे लागलेले असते, दुसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि लाभ थांबतो तो तिथे.

आता आपला प्रश्न. शिकाऊ उमेदवारी केली नाही तर चालेल का, याचे उत्तर पुढे कुठे पोहोचायचे आहे यावर अवलंबून आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात, म्हणजे आपण स्वतः आज कोणाच्या तरी शिकाऊ जागांच्या हिशोबात धरले गेलेले असू शकता. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. बऱ्याच कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देतात, तरीही ठेकेदाराकडे ओव्हरटाइमसह मिळणाऱ्या पगाराच्या तुलनेत ही घटच असते आणि ती सोसणे प्रत्येक घराला जमत नाही.

ती सोसण्यासारखी आहे का? ओझरच्या एचएएलसारखे सार्वजनिक उपक्रम, रेल्वे किंवा महावितरण हे उद्दिष्ट असेल तर माझे उत्तर होय असे आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र अशा भरतीत उपयोगी पडते, आणि रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, भरतीत तर वीस टक्के जागा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव आहेत. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या खासगी कारखान्यात ऑपरेटर म्हणूनच राहायचे असेल तर त्या प्रमाणपत्राने तितका फरक पडत नाही. तिथे सीएनसीवर, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रावर, स्वतंत्रपणे सेटिंग करता येते का आणि ड्रॉइंग वाचता येते का हे पाहिले जाते. शिकाऊ उमेदवारीनंतर त्याच कंपनीत कायम होण्याचे आश्वासन कोणी दिले तर ते लेखी मागावे, कारण कायद्यात तशी हमी नाही. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, त्यामुळे ठेकेदाराकडे मिळणारा भविष्य निर्वाह निधीही त्या काळात मिळत नाही.

आपल्याला कोणी सांगितली नसावी अशी एक वाट आहे आणि माझ्या मते ती आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दोन वर्षे आयटीआय, दोन वर्षे पदविका आणि तीन वर्षे पदवी अशी दहावीनंतर सात वर्षे होतात. आपली बहीण अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी करून सहा वर्षांत जिथे पोहोचेल तिथे पोहोचायला या जिन्याने एकच वर्ष जास्त लागते आणि प्रत्येक मजल्यावर उतरून नोकरी करता येते. सरकारच्या कौशल्य धोरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे आणि जाहिरात सर्वांत कमी त्याचीच होते.

या वाटेवर मुले अडतात ती गणितात. फिटरच्या मुलाला व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही मापनाची साधने पदविकेच्या मुलापेक्षा चांगले हाताळता येतात, परंतु दोन वर्षे कार्यशाळेत गेल्यावर दहावीचे बीजगणित विसरलेले असते आणि दुसऱ्या वर्षात शिक्षक ते येते असे धरून पुढे जातात. प्रवेशाआधीचे पाच-सहा महिने त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि साध्या समीकरणांचा रोज सराव केला तर हा अडथळा राहत नाही. नाशिक रोडचे शासकीय तंत्रनिकेतन मिळाले तर शुल्काचा भार खासगीपेक्षा बराच कमी राहील. शुल्काची निम्मी सवलत आपल्याला मुलगा असूनही आहेच. काम सोडणे अगदीच शक्य नसेल तर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून निवडक संस्थांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदविका व पदवीचे वर्ग चालवण्याची परवानगी दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि कामाचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतरात असणे या अटी आहेत.

मुक्त विद्यापीठाबद्दल आपण ओघात विचारले आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच शहराच्या अंगाला, गोवर्धनला उभे आहे आणि काम करत शिकणाऱ्यांसाठीच ते निघाले. स्पर्धा परीक्षांसाठी पदवी हवी असेल तर तिथली बी.ए. किंवा बी.कॉम. पूर्ण ग्राह्य आहे; मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. आयटीआयनंतर भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे, ती आपल्या संस्थेच्या प्राचार्यांकडून समजून घ्यावी, कारण पदवी प्रवेशाला ती लागेल. परंतु सुपरवायझर व्हायचे असेल तर बी.ए.चा उपयोग होणार नाही, आणि दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी देतो म्हणणाऱ्या कुठल्याही दुकानात पाऊल ठेवू नये. पत्रव्यवहाराने तंत्रशिक्षण देता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे.

थोड्या महिन्यांचे अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण भत्ते यांच्यावर फार वेळ घालवत नाही. २०१५ पासूनची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना ज्याच्या हाती कोणताच ट्रेड नाही त्याच्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे त्याहून वजनदार प्रमाणपत्र आधीच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्याला दरमहा ८,००० रुपये ठरवले गेले. रक्कम शिकाऊ विद्यावेतनाच्या जवळपास असली तरी त्या कामातून शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून दोन्हींत निवड करायची वेळ आली तर शिकाऊ उमेदवारी घ्यावी. धोरण पाहणाऱ्यांना माझे एक गाऱ्हाणे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले एकूण नोंदणी प्रमाण, म्हणजे त्या वयोगटाच्या तुलनेत शिकत असलेल्यांचे प्रमाण, ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे आणि २०२१-२२ च्या पाहणीत ते २८.४ टक्के होते. हे अंतर कापताना सगळे लक्ष प्रवेशाच्या दारावर आहे. आत आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी वर्गात आहे का हे विचारणारी योजना मला अजून भेटलेली नाही.

तर दोघांनी शिकायचे का? दोघांनी शिकावे, पण एकाच वर्षी सुरुवात करू नये. यंदा बहिणीने कॅपमधून प्रवेश घ्यावा आणि आपण काम चालू ठेवावे, कारण तिच्या पहिल्या वर्षाची रोख तूट भरून काढणारे घरात दुसरे काही दिसत नाही. पुढच्या वर्षी, तिच्या लाभाची गाडी रुळावर आल्यावर, आपण थेट दुसऱ्या वर्षाच्या पदविकेला अर्ज करावा. बाग सलग दोन हंगाम गेली किंवा घरात आजारपण आले तर हा क्रम बदलावा लागेल आणि तेव्हा नोकरदारांच्या वर्गाचा पर्याय उरतो. आपले प्रवेशाचे वर्ष आत्ताच घरात बोलून ठरवा आणि वडिलांनाही त्यात धरा, कारण ‘आधी तिचे होऊ दे’ म्हणून थांबलेली मुले पुढे कायमची ठेकेदाराकडेच राहिलेली मी बरीच पाहिली आहेत. त्यांना कोणी अडवले नव्हते, फक्त वर्ष ठरलेले नव्हते.

तोवर आपल्याकडून तीन कामे व्हावीत. संध्याकाळी तासभर गणित. आपल्या नावाचेही जात वैधता प्रमाणपत्र, कारण बहिणीसाठी गोळा केलेले पुरावे तेच आहेत आणि तिचे आधी निघाले तर सख्ख्या भावाचे काम सोपे होते. आणि ठेकेदाराकडून रुजू तारखेसह लेटरहेडवर अनुभवपत्र, सोबत भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकाची प्रत. ठेका बदलला की जुना ठेकेदार फोन उचलत नाही, म्हणून हे तिसरे काम आधी करावे.